बारा थाऊ

गाडीच्या इंजिनाचा सिलिंडर ब्लॉक न्हाणीघरात धुवायला घेतला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. गीझरचं कढत पाणी, कपड्यांची पावडर आणि बाटल्या घासायचा लांब दांड्याचा ब्रश. होनिंग करताना, म्हणजे बोअरची (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या भोकाची) भिंत दगडानं घासताना, दगडाचा जो बारीक भुगा सुटतो तो भिंतीवरच्या चरांत दडून बसतो. पेट्रोलनं पुसलं तर भिंत स्वच्छ दिसते, पण भुगा जागचा हलत नाही. तो निघतो साबणाच्या पाण्यानंच, तेही मनगट भरून येईपर्यंत घासल्यावर. मग लगेच कोरडं करून तेल लावायचं. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असला तरी आतले लायनर बिडाचे असतात, आणि ते दहा मिनिटं तसेच राहिले की तांबूस गंज धरतात.

स्वच्छ झालं की नाही हे ओळखायची खूण एकच. पांढऱ्या सुती कापडाला तेल लावून बोअरमधून फिरवायचं. करडं निघालं की पुन्हा गीझर. आईच्या जुन्या पातळाच्या चिंध्या त्यासाठी जपून ठेवल्या होत्या. सातव्या वेळी चिंधी जशी आत गेली तशी बाहेर आली. मागे वळून पाहिलं तर दारात बायको उभी.

"न्हाऊ घालून झालं असेल तर तीट लावा आणि झोपा," ती म्हणाली.

मी इंजिनिअर नाही. पुण्यात हे सांगताना अजूनही जरा खाली बघावं लागतं. आमच्या सोसायटीत दर तिसऱ्या दारावर कुठल्या ना कुठल्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस राहतो, आणि मी बँकेत आहे. बावीस वर्षं झाली. संध्याकाळी कॅश एक रुपयानं कमी भरली तर कुणी घरी जात नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. एक रुपया जास्त निघाला तरी कुणी घरी जात नाही, हे मात्र बाहेरच्यांना माहीत नसतं. फरक शून्य पाहिजे. हातालाच तसं वळण लागलं आहे. आणि त्या वळणानंच माझं पहिलं इंजिन खाल्लं.

गाडी वडिलांची. २००२ सालची मारुती एस्टीम, १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, कागदावर ८५ हॉर्सपॉवर. अंगानं हलकी, नऊशे किलोच्या आतली. याच घराण्यातलं इंजिन जिप्सीतही होतं, आणि भारतातल्या रॅलीवाल्यांनी या दोन गाड्या वर्षानुवर्षं पिळून काढल्या आहेत. वडिलांनी मात्र ती कधी ऐंशीच्या पुढे नेली नाही. ते गेल्यावर ती विकवेना आणि नुसती उभी असलेली बघवेना. धूर मारायला लागली तेव्हा ठरवलं, इंजिन आपणच करायचं. बोअरिंग भोसरीच्या एका मशिन शॉपमध्ये करून घेतलं, ७४ मिलिमीटरचा बोअर साडेचौऱ्याहत्तर झाला, अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन आणले, आणि जुळवणी मी घरी केली. गुरू म्हणजे मोबाइल.

पिस्टनच्या रिंगा पूर्ण वर्तुळ नसतात. बांगडी एका ठिकाणी कापावी तशा त्या तुटक असतात, आणि बोअरमध्ये बसवल्यावर दोन टोकांमध्ये थोडी फट उरते. ही फट फीलर गेजच्या पात्यांनी मोजतात, थाऊमध्ये. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ड्रॉइंगवर सगळीकडे मिलिमीटर आणि मायक्रॉन आले, तरी लेथवाल्यांच्या तोंडून थाऊ गेलेला नाही, तसाच सूतही, म्हणजे इंचाचा आठवा भाग, गेलेला नाही. अंदाज हवा असेल तर झेरॉक्सचा एक कागद साधारण चार थाऊ जाडीचा भरतो. मी नव्या रिंगा बोअरमध्ये घालून पाहिल्या तर फटीत चार थाऊची पाती जेमतेम शिरत होती. म्हणजे एक कागद. मला इतका आनंद झाला! फट कमी म्हणजे गळती कमी, गळती कमी म्हणजे ताकद जास्त. हिशेब सरळ होता. शक्य असतं तर मी ती शून्यच केली असती.

डिसेंबर २०२२. इंजिन २८० किलोमीटर चाललं होतं. सकाळी सासवडच्या बाजूला निघालो होतो. बोपदेव घाटाच्या शेवटच्या चढावर वाटलं की कुणीतरी मागून गाडी धरली आहे. हँडब्रेक बघितला, सोडलेलाच होता. अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबला. तीन-चार सेकंदांत एक कर्कश, कोरडा आवाज, आणि इंजिन बंद. किल्ली फिरवली तर स्टार्टरनं नुसतं टक् केलं. बॉनेट उघडल्यावर जो वास आला तो कढईतलं तेल जळाल्यासारखा होता, फक्त त्यात लोखंड मिसळलेलं.

गाडी टोइंगवाल्यानं भोसरीला आणून टाकली ती एका ओळखीच्या गॅरेजमध्ये. तिथे मामा बसायचे. सगळे त्यांना मामाच म्हणतात. मूळचे वाईकडचे, एका मोठ्या कारखान्यात इंजिन टेस्ट बेडवर एकतीस वर्षं काढलेली. त्या एकतीस वर्षांत डावा कान गेला. कानात बोळे घालायची पद्धत यायच्या आधीची नोकरी, आणि पद्धत आली तेव्हा ते घालणाऱ्याला बाकीचे हसायचे. मामा त्यामुळे जरा मोठ्यानं बोलतात आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत ऐकतात.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, काढलं, पिस्टन ठोकून ठोकून बाहेर काढले. दोन नंबर आणि तीन नंबरच्या बोअरवर उभे ओरखडे, नख अडकेल इतके खोल. मामांनी एक रिंग खाचेतून सोडवली, कापसानं पुसली आणि तिची दोन टोकं माझ्यासमोर धरली. बाकीची रिंग काळवंडलेली, टोकं मात्र आरशासारखी चकचकीत.

"साहेब, फट किती ठेवली व्हती?"

"चार थाऊ."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कमी असली की चांगलं ना?"

मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा सांगणार होतो.

"आरं, तापल्यावर ती जायची कुटं?"

साहेब तिथं संपला. तेव्हापासून मी 'तू' आहे.

साडेचौऱ्याहत्तर मिलिमीटरच्या बोअरमध्ये बसलेल्या रिंगेचा घेर भरतो २३४ मिलिमीटर. इंजिन जोर लावतं तेव्हा वरची रिंग भिंतीपेक्षा कितीतरी जास्त तापते, कारण स्फोट तिच्या डोक्यावर होतो आणि भिंतीच्या पाठीशी पाणी असतं. तापली की लांबते. मिलिमीटरचे एक-दोन दशांशच, पण तेवढी वाढ कुठेतरी मुरायला लागते. टोकांमध्ये जागा असेल तर ती तिथे मुरते. नसेल तर टोकं एकमेकांना भिडतात, आणि मग रिंग गोलाईत वाढू शकत नाही म्हणून बाहेर ढकलते, भिंतीवर. तेलाचा पापुद्रा फाटतो, धातू धातूला घासतो, त्यानं आणखी तापतं, तापलं की आणखी वाढतं. घाटात मला मागून कुणीतरी धरलं होतं ते हे. चकचकीत टोकं म्हणजे भिडल्याची खूण.

बारा थाऊ, मामांनी सांगितलं. बोअरच्या दर इंचाला चार थाऊ, हा जुना आडाखा. आपला बोअर तीन इंचाला थोडा कमी, म्हणजे बारा. तीन कागद.

दुसऱ्या इंजिनाला अडीच वर्षं लागली. बँकेची बदली, आईचं आजारपण, आणि पैसे. किती गेले ते लिहिणार नाही, बायको हे वाचते. पण त्या अडीच वर्षांत मला जे हळूहळू दिसत गेलं ते असं, की इंजिन म्हणजे भाग नव्हेत, भागांच्या मधल्या जागा. भाग तर पुडक्यातून येतात. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो शाफ्ट) आणि बेअरिंगमध्ये दीड-दोन थाऊ सोडायचे, त्यात तेल शिरतं आणि फिरता शाफ्ट त्या तेलावर तरंगतो, सगळं ठीक असेल तर तो बेअरिंगला टेकतच नाही. पिस्टन आणि भिंतीमध्ये वेगळी जागा, आणि फोर्ज्ड पिस्टन घेतले तर ती साध्यापेक्षा जास्त, कारण ते जास्त फुगतात. म्हणून थंड असताना फोर्ज्ड पिस्टनचं इंजिन जरा खडखडतं आणि नवखा माणूस घाबरतो. जागा फार झाली तर तेलाचा दाब पडतो, कॉम्प्रेशन गळतं, धूर येतो. कमी झाली तर काय होतं ते सांगून झालं आहे. नव्या माणसाला भीती वाटते ती नेहमी जास्तीची. जुन्याला कमीची.

रिंगा यावेळी फाइल-फिटच्या घेतल्या, म्हणजे टोकं मुद्दाम लांब ठेवलेल्या, आपापल्या बोअरप्रमाणे कानसून घ्यायच्या. एक रिंग बोअरमध्ये ठेवायची, उलटा पिस्टन तिच्या डोक्यावर धरून इंचभर खाली सरकवायची म्हणजे ती तिरपी राहत नाही. पाती घालून बघायची. बाहेर काढून टोकावर कानस मारायची ती नेहमी बाहेरून आतल्या दिशेनं, उलटी मारली की बाहेरचा मुलामा टवके होऊन उडतो. दोन हात, फार तर तीन. पुन्हा बोअरमध्ये. बारा थाऊची पाती हलक्या हातानं गेली पाहिजे, तेरा थाऊची अडली पाहिजे. चार सिलिंडर, प्रत्येकात वरच्या दोन रिंगा, आठ रिंगा मिळून मला एक अख्खा रविवार लागला. सहावी करताना तंद्री लागली आणि एक हात जास्त बसला. चौदाची पाती खुशाल आत गेली. मी गुपचूप ती दुसऱ्या खाचेची ठरवून टाकली, तिथे थोडी जास्त फट चालते. मामा लांबून बघत होते. काही बोलले नाहीत, पण चहा आला तेव्हा म्हणाले, "ती सहावी कुटल्या नंबरला घातलीस ते लिवून ठेव."

हेडचं काम मला सगळ्यात आवडलं, कारण त्यात बँकेसारखा हिशेब होता. ज्वलनकक्षाचं माप काढायला सदाशिव पेठेत शाळांना प्रयोगशाळेचं सामान देणाऱ्या दुकानातून ब्युरेट आणली. दुकानदारानं विचारलं, कितवीचा मुलगा आहे. हेड उलटं ठेवायचं, कडेला ग्रीस फासून वर भोकाचा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा दाबायचा आणि ब्युरेटमधून रंगीत स्पिरिट थेंबाथेंबानं सोडायचं, शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत. एका सिलिंडरचा दट्ट्या ३२९ सीसी झाडतो. साडेदहाला एक कॉम्प्रेशन हवं असेल तर पिस्टन अगदी वर असताना गॅस्केटची जाडी, पिस्टनचा खळगा सगळं धरून ३४.६ सीसी उरले पाहिजेत. चारही कक्ष सारखे नव्हते, कंपनीतून आलेले कधीच नसतात. तीनला किंचित घासलं, एकाला नाही. चारही दोन दशांश सीसीच्या आत आले तेव्हा मला पासबुक जुळल्यासारखं वाटलं.

बोल्टांबद्दल थोडकंच सांगतो. मामांनी कनेक्टिंग रॉडचे जुने बोल्ट वापरू दिले नाहीत, आणि का ते नुसतं म्हणून नाही, कागदावर मांडून दाखवलं. साडेसात हजार आरपीएमला पिस्टन वरच्या टोकाला थांबून उलट फिरतो त्या क्षणी त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पटीचा ओढा असतो. पाव किलोचा पिस्टन पाऊण टनाचा होतो. सेकंदाला सव्वाशे वेळा. त्याला धरून ठेवणारे दोन बोल्ट, करंगळीपेक्षा बारीक.

व्हॉल्व्ह उघडणारे कॅम बदलले, हेड तासलं, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बदलला, म्हणजे ही गाडी आता रस्त्याची राहिली नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई आहे, आणि सायलेन्सर फाडून गल्लीत फिरणाऱ्यांबद्दल माझं जे मत आहे ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी मांडलेलं आहे. आता ती ट्रकच्या पाठीवर बसून जाते, धुळीच्या मैदानावरच्या ऑटोक्रॉसला, वर्षातून दोनदा. वडिलांना हे आवडलं नसतं. किंवा आवडलं असतं, सांगता येत नाही, ऐंशीच्या पुढे त्यांना कुणी नेलंच नव्हतं.

मे २०२५ मध्ये डायनोवर गेलो.

डायनो म्हणजे ब्रेक. बरेच लोक समजतात ते ताकद मोजायचं यंत्र आहे. ते अडवायचं यंत्र आहे, आणि अडवताना किती जोर लागला ते सांगतं. १८२१ साली फ्रान्समध्ये प्रोनी नावाच्या इंजिनिअरनं फिरत्या शाफ्टवर लाकडी चिमटा आवळला आणि त्याच्या दांड्याला वजन टांगलं, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. १८७७ मध्ये विल्यम फ्रूडनं लाकडाच्या जागी पाणी घातलं. मामांच्या कारखान्यात पाण्याचेच डायनो होते. हातानं चाक फिरवून भार वाढवायचा, काटा बघायचा, वहीत लिहायचं. रात्रपाळीला दिवे मंद असले की एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आधी गडद तांबडा, मग नारिंगी होताना दिसायचा, आणि मामा सांगतात की भाराचा आकडा त्यांना काट्याआधी त्या रंगावरून कळायचा. मी गेलो तो रोलरचा डायनो, एडी करंटचा. गाडीची चाकं रोलरवर, रोलरच्या शाफ्टला लोखंडी चकती, चकतीभोवती वीजचुंबक. करंट वाढवला की चकतीत भोवरे उठतात आणि ते फिरण्याला विरोध करतात. त्यातून मिळतो टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. टॉर्कला आरपीएमनं गुणायचं, ९५४९ नं भागायचं, झाले किलोवॅट. म्हणजे ताकद कुणी मोजत नाही, ती हिशेबातून निघते. हे कळल्यावर मला उगाच धीर आला.

पत्र्याची शेड, बाहेर एकोणचाळीस डिग्री. गाडी चार पट्ट्यांनी जमिनीला आवळलेली, पुढे माणसाच्या उंचीचा पंखा. ऑपरेटर चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, लॅपटॉपवर. चौथ्या गिअरमध्ये दोन हजारावरून सुरू करायचं, पाय पूर्ण दाबायचा आणि सात हजारांपर्यंत सोडायचा नाही. बसायचं कुणी? मी बसलो. रस्त्यावर इंजिन ओरडतं तेव्हा झाडं मागे जातात, म्हणून त्या ओरडण्याला काही अर्थ असतो. इथे समोर पांढरी भिंत हलत नव्हती. साडेपाच हजारांच्या पुढे डॅशबोर्डवरचा वडिलांनी चिकटवलेला गणपती असा थरथरायला लागला की त्याला चार सोंडा दिसायला लागल्या.

पहिला आकडा आला ७१.

चाकांवर ७१ हॉर्सपॉवर. मी शंभराच्या गोष्टी करत आलो होतो. आलेखात रेष पाच हजारांपर्यंत छान चढत होती आणि मग टेबलावर हात ठेवल्यासारखी आडवी. ऑपरेटर म्हणाला, कॅम टायमिंग असेल. गॅरेजवाला म्हणाला, इंजेक्टर कमी पडताहेत. मी मनात त्या सहाव्या रिंगेपर्यंत जाऊन आलो. लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, बघितला तर मिश्रण बरोबर होतं, पेट्रोल कमी पडत नव्हतं. मामा स्टुलावर बसून त्या आडव्या रेषेवर बोट फिरवत होते, आंधळ्यानं फिरवावं तसं.

"हवा गावत न्हाई तिला," ते म्हणाले. "थ्रॉटल किती उघडतोय बग."

मुलानं दुसरा पडदा उघडला. पाय पूर्ण दाबलेला, आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडलेली ५८ टक्के.

मी खाली वाकलो. पेडलच्या मागे रबरी मॅट दुमडून बसली होती. वडिलांच्या वेळची, जाड, काळी, चौकटीची. अडीच वर्षं, आठ रिंगा, एक ब्युरेट, आणि पेडलखाली मॅट! ती काढली, केबलचा ढिलेपणा काढला. दुसरा आकडा ८२. मुलानं तोंड फिरवून हसू लपवलं. मामांनी लपवलं नाही.

पुढचे दोन तास कंटाळवाणे आणि सुंदर होते. इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, एक डिग्री पुढे, टॉर्क वाढला का, आणखी एक, आणखी एक. वाढायचा थांबला की दोन मागे. मुलाच्या कानात नॉक, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटल्याची ठकठक, ऐकायचे हेडफोन. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे मिश्रणाचे जुने आकडे चालत नाहीत, पेट्रोल जास्त सोडावं लागतं. सव्वाचार वाजता ८६.६ वर थांबलो. इंजिनाला आणखी काही द्यायचं नव्हतं असं नाही, पण रेडिएटरनं हात वर केले होते.

मग मुलानं अगदी सहज विचारलं, "काका, प्रिंट करेक्टेड देऊ का?"

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहे. समुद्राकाठी हवेचा दाब १०१३ मिलिबार, इथे साडेनऊशेच्या खाली. टर्बो नसलेलं इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढंच देतं, आणि पुण्यात प्रत्येक घोटाला हवा पाच-सहा टक्के कमी येते. शिवाय मे महिना. गरम हवा आणखी विरळ. म्हणून जगभर एक ठरवून घेतलं आहे: आयएसओ १५८५ या मानकात कोरड्या हवेचा दाब ९९० मिलिबार आणि तापमान २५ डिग्री धरतात, आणि आपला आकडा त्या हवेत किती आला असता ते गुणून काढतात. त्या दुपारचा गुणक आला १.१०६. म्हणजे ८६.६ चे झाले ९५.८. मुलगा म्हणाला, हे चाकांवरचं झालं, गिअरबॉक्समध्ये पंधरा टक्के जातात असं धरून क्रँकवर काढलं तर जवळपास ११३. एका मिनिटात, कशालाही हात न लावता, सव्वीस घोडे वाढले. कागदी घोडे म्हणतात ते हेच असावेत.

गंमत म्हणजे मानक स्वतः एवढं उदार नाही. त्यातच लिहिलं आहे की गुणक १.०७ च्या वर गेला तर चाचणीच्या वेळची हवा आणि तापमान आकड्याबरोबर उघड नोंदवा. पण प्रिंट फ्रेम करून लावणारा ती ओळ कशाला छापेल? मी मामांकडे बघितलं. मला ते ९५.८ हवे होते, खोटं कशाला बोलू.

"हवा कमी हुती ह्यात इंजिनाची काय चूक न्हाई," ते म्हणाले. "पर ती नव्हतीच की."

दोन्ही प्रिंट घेतल्या. एकावर मी शाईनं लिहिलं: भोसरी, ३९ डिग्री, मॅटशिवाय.

त्या पावसाळ्यात मी टेकडीवर जायला लागलो, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. वेताळ टेकडीला निम्मं कोथरूड एआरएआयची टेकडी म्हणतं, आणि त्यातल्या निम्म्यांना एआरएआय म्हणजे काय ते माहीत नसतं. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, १९६६ ची. देशातल्या गाड्यांची इंजिनं तिथे तपासली जातात, आणि कुंपणाबाहेर माणसं मोर बघायला येतात. खडकीला किर्लोस्करांची ऑइल इंजिनं १९४६ पासून, कोथरूडला कमिन्स १९६२ पासून, पिंपरीत टेल्को, आकुर्डीत बजाज. या शहरात इंजिन अडवून जोर मोजणारी किती माणसं होऊन गेली असतील, आणि त्यांतल्या किती जणांचा एकेक कान गेला असेल. टेकडीच्या माथ्यावर, आठशे मीटरच्या आसपास, धाप लागून थांबलो की मला हटकून तो गुणक आठवायचा. मलाही इथे १.१ नं गुणायला हवं.

जानेवारीत पुन्हा गेलो. मुद्दाम सकाळी सातला. शेडचं दार उघडलं तेव्हा आत सोळा डिग्री होते आणि मामा कानटोपीत. इंजिनाला काही केलं नव्हतं, फक्त तेल बदललं. दुसऱ्याच फेरीला ९१.२, कच्चा, न गुणलेला. गुणक यावेळी १.०४८. गुणल्यावर ९५.६.

मेमध्ये ९५.८, जानेवारीत ९५.६. दोन्ही वेळा हवा वेगळी, इंजिन तेच. मी दोन्ही कागद बॉनेटवर शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो. दोन दशांशाचा फरक. बँकेत असतो तर त्यामागे रात्री नऊपर्यंत बसलो असतो.

निघायच्या आधी मामांना लीक-डाउन, म्हणजे सिलिंडरमधून हवा किती गळते ते, बघायचं होतं. प्लग काढला, एक नंबरचा पिस्टन वर आणून क्रँक पान्यानं धरून ठेवला आणि प्लगच्या भोकातून शंभर पीएसआय हवा सोडली. दुसरा काटा ९६ वर थांबला. चार टक्के कुठूनतरी जात होते. सायलेन्सरला कान लावला, काही नाही. थ्रॉटलला लावला, काही नाही. म्हणजे व्हॉल्व्ह पक्के. उरलं तेल भरायचं तोंड. तिथे कान लावून ऐकतात, पण मामांचा डावा कान गेलेला आणि उजव्यावर कानटोपी. त्यांनी हाताची मागची बाजू जिभेनं ओली केली आणि त्या भोकावर धरली, पातेल्यातल्या दुधाची वाफ बघावी तशी.

"येतंय," ते म्हणाले, आणि हात काढून माझ्यासाठी जागा केली.

मीही मनगट ओलं करून धरलं. गार, बारीक, एकसारखी फुंकर होती.